लाकडी बॉयलर: मोठा घ्यावा की बेताचा?

प्रश्न: घर गरम ठेवायला कडाक्याच्या थंडीत १५ किलोवॅट लागतात, असा हिशेब निघाला. विक्रेता २५ किलोवॅटचा, ओंडक्यांवर चालणारा बॉयलर सुचवतो. घ्यावा का?

उत्तर: गरम पाण्याची साठवण टाकी बसवणार असाल तर जरूर घ्या. टाकी नसेल तर मुळीच नको. गरज कमी असताना मोठा बॉयलर हवा कोंडून धुमसत ठेवावा लागतो. मग लाकडातला वायू पुरता जळत नाही, डांबर आतल्या भिंतींवर आणि धुराड्यात साचतं आणि एक दिवस धुराड्यातच पेट घेतं. टाकी असली की बॉयलर पूर्ण जोमाने जळतो, उष्णता पाण्यात साठते आणि घर ती सावकाश वापरतं.

टाकी बॉयलरच्या दर किलोवॅटला निदान ५५ लिटर धरा, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे १,४०० लिटर. १,००० लिटर पाणी ४० वरून ८५ अंशांवर न्यायला ५२ युनिट उष्णता लागते; चांगल्या बॉयलरमध्ये साधारण १५ किलो वाळलेलं लाकूड तेवढी देतं.

बॉयलरमध्ये परतणारं पाणी ६० अंशांच्या आसपास राखणारा मिश्रण व्हॉल्व्ह टाळू नका. थंड पाणी परतलं की आत आम्लयुक्त ओल धरते आणि पोलाद गंजतं. वीज गेल्यावर पाणी फिरवणारा पंप थांबतो, आग मात्र थांबत नाही. म्हणून विजेविना उघडणारा शीतकरण व्हॉल्व्ह आणि दाबाचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवेतच.

लाकडातली ओल २० टक्क्यांखाली हवी. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलमापक टेका; वरची साल फसवते.