सराउंड हेडफोन घरच्या टीव्हीला जोडताना: वाचकांचे प्रश्न

मुलगी बारावीला आहे, म्हणून रात्री टीव्ही पाहायला वायरलेस सराउंड हेडफोन आणले. त्यांच्या बेसला, म्हणजे टीव्हीजवळ ठेवून हेडफोनला आवाज पाठवणाऱ्या स्टँडला, ऑप्टिकल केबल (प्रकाशातून आवाज नेणारी वायर) लावली आहे. यूट्यूबवर आवाज येतो, पिक्चर लावला की बंद! पीस खराब आहे का? (टिळकवाडी, बेळगाव)

पीस चांगला असणार, परत करायची घाई करू नका. यूट्यूबवर आवाज येतो म्हणजे केबलही ठीक आहे. ऑप्टिकलमधून एकतर दोन चॅनेलचा साधा, न दाबलेला पीसीएम आवाज जातो, नाहीतर ५.१ चा, म्हणजे सहा चॅनेलचा, दाबून पाठवलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. पिक्चर सुरू झाला की तुमचा टीव्ही डॉल्बी पाठवत असणार. बेसमध्ये तो उलगडणारा डिकोडर नसेल तर तो गप्प बसतो किंवा नुसती खरखर ऐकू येते. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ शोधा आणि ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’च्या (दाबलेला आवाज जसाच्या तसा पाठवण्याच्या) जागी ‘पीसीएम’ करा. आवाज येईल.

मात्र बेसवर डॉल्बी डिजिटलचं चिन्ह छापलेलं असेल, तर पीसीएम ठेवू नका. तसं केलंत तर पिक्चरचे सगळे चॅनेल टीव्हीतच दोनांत मिसळले जातात आणि ज्या सराउंडसाठी पैसे मोजले तोच हाती लागत नाही. अशा बेसला बिटस्ट्रीमच द्या.

वडिलांना कमी ऐकू येतं. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आहे, हेडफोनच्या बेसला लाल-पांढऱ्या पिना. शिवाय घरातल्या बाकीच्यांनाही आवाज हवा. (निपाणी)

मध्ये एक छोटा डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर लावा. त्यातले बरेचसे टीव्हीच्या यूएसबीवर चालतात. इथेही टीव्ही पीसीएमवरच हवा, कारण साध्या कन्व्हर्टरला डॉल्बी कळत नाही. केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक टोप्या असतात, त्या आधी काढा. त्यांच्यातूनही लाल उजेड दिसतो, त्यामुळे त्या काढायच्या राहिल्यात हे ध्यानात येत नाही. मग चौकोनी टोक टक् असा आवाज होईपर्यंत आत दाबा.

साध्या हेडफोन जॅकमध्ये पिन घातली की टीव्हीचे स्पीकर सहसा बंद होतात. ऑप्टिकलवर बऱ्याच टीव्हींत ते चालू ठेवता येतात. तुमच्या घरासाठी हीच मोठी सोय आहे: वडिलांनी हेडफोनवर हवा तेवढा आवाज वाढवावा, बाकीच्यांनी रिमोटवर आपला ठेवावा. ‘आवाज कमी करा’ म्हणून वडिलांना रोज ऐकावं लागणार नाही.

सेट टॉप बॉक्सला ऑप्टिकल आणि कोॲक्सियल (धातूच्या तारेतून डिजिटल आवाज नेणारं) दोन्ही आहेत. कोणतं वापरू? (खानापूर)

आवाजात फरक नाही. पण ऑप्टिकलमधून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्यामुळे अर्थिंग नीट नसलेल्या घरात त्या वायरमधून घूं-घूं येत नाही. जवळ लावायचं असेल तर ऑप्टिकल घ्या, फक्त ती कोपऱ्यात दुमडू नका.

‘७.१’ (आठ चॅनेल) लिहिलेले, आत बरेच स्पीकर असलेले हेडफोन घेऊ का? की ब्लूटूथ बरं? (चिकोडी)

माझं मत स्पष्ट आहे: नका घेऊ. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांवर पोचणाऱ्या आवाजातल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो, शिवाय कानाच्या पाळीच्या आकारावरून. हा फरक प्रोसेसर चांगल्या स्टीरिओ हेडफोनवरही घडवू शकतो. प्लेस्टेशन ५ चा थ्रीडी आवाज कंट्रोलरला लावलेल्या साध्या हेडफोनवरही चालतो.

टीव्हीवरून नेहमीच्या ब्लूटूथने दोनच चॅनेल येतात, आणि ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. गाण्यांना चालेल. पिक्चरसाठी वायर किंवा रेडिओ बेसवाले घ्या.