7 महिन्यांचा लॅब्रॅडॉर मागचे पाय जोडीने उचलत सशासारखा पळतो. हिप डिसप्लेसियासाठी (मांडीचा सांधा नीट न बसणं, सैल असणं) एक्स-रे आत्ताच काढावा का? भूल द्यावीच लागते का?

हो, लक्षणं दिसत असतील तर आत्ताच काढा, आणि गुंगीचं इंजेक्शन देऊनच काढा. जागा कुत्रा मांड्या आवळून धरतो. त्यामुळे सैल सांधाही घट्ट दिसतो, शिवाय कंबर वाकडी येते. कुत्र्याला उताणं ठेवून मागचे दोन्ही पाय सरळ, समांतर ताणायचे आणि गुडघे किंचित आत वळवायचे, म्हणजे गुडघ्याच्या वाट्या मांडीच्या हाडाच्या बरोब्बर मध्यावर येतात. फिल्म हातात आली की आधी कमरेच्या हाडातली दोन्ही मोठी छिद्रं पाहा. ती लहान-मोठी दिसली तर कुत्रा कलता होता. अशा फिल्मवर निदान करून घेऊ नका, पुन्हा काढायला सांगा. नॉरबर्ग कोन (गोळा खोबणीत किती बसलाय ते फिल्मवर मोजणारा कोन) साधारण 105 अंश किंवा जास्त असेल तर ठीक, कमी असेल तर मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसलेला नाही.

मात्र या वयात फिल्म चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पाय ताणल्यावर सांध्याभोवतीचं आवरण पिळलं जातं आणि ढिलेपणा झाकला जातो. अमेरिकेतली ओएफए ही कुत्र्यांच्या सांध्यांचे एक्स-रे तपासणारी संस्थाही अंतिम दाखला 24 महिन्यांनंतरच देते. ढिलेपणा मोजणारी पेनहिप पद्धत 16 आठवड्यांपासून चालते, पण त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टरच लागतो. आणि फिल्मवरून दुखणं किती आहे ते कळत नाही. ते हाताने तपासूनच ठरतं.