जुनं जर्मन लोलकाचं घड्याळ घ्यायचंय, विकणारा म्हणतो १८८० चं. साल खरं की खोटं कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तबकडीवर युंगहान्स या जर्मन घड्याळ कंपनीचा आठ टोकांचा तारा आहे, 'मागे नंबरसुद्धा आहे' असं विकणारा सांगतो, ३५ हजार मागतो, पण मशीन बाहेर काढून दाखवायला तयार नाही. मशीन निघत नसेल तर घेऊ नका. तबकडी, काटे, लोलक, पेटी, यातलं काहीही मधल्या काळात बदललेलं असू शकतं. साल वाचायचं ते मशीनच्या मागच्या पितळी पाटीवर.

१८८० वर तर तुमच्याच माहितीवरून मोठी शंका येते. युंगहान्स श्राम्बेर्ग गावी १८६१ मध्ये सुरू झाली हे खरं, पण त्यांचा पाच टोकांचा तारा १८८८ चा आणि आठ टोकांचा १८९० चा. तबकडी मूळची असेल तर घड्याळ १८९० च्या आधीचं नाही, आणि नंतर बसवलेली असेल तर त्या ताऱ्याला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही.

'मागे नंबर आहे' हे वाचलं म्हणून लिहायला बसलो. या नंबराच्या नावाखाली लोकांना किती वर्षं फसवायचं? एक घड्याळ साफसफाईला आलं होतं, '१८४२ चं' म्हणून विकलेलं. पाटीवर खाली खरोखरच ४२ कोरलेलं होतं, त्याच्या शेजारी १००. वर एकमेकांना छेदणारे दोन बाण, म्हणजे हांबुर्ग-अमेरिकन कंपनी, तीही श्राम्बेर्गचीच. या कंपनीला हे नाव मिळालं १८८३ मध्ये. मग १८४२ कुठून आलं? लोलक काढून टेप लावली, आकडीपासून खालच्या टोकापर्यंत भरला ४२ सेंटीमीटर. परत टांगला, फोनवर वेळ लावून टिकटिक मोजली, मिनिटाला बरोबर १००. ते दोन आकडे लोलकाची लांबी आणि मिनिटातले ठोके आहेत, साल नाही. जर्मन मशीनवर ही जोडी नेहमी दिसते. उलट तिचा उपयोग हा की आकडे जुळले नाहीत तर लोलक दुसऱ्या घड्याळाचा आहे. लोलकाच्या लांबीत १ टक्का फरक पडला तर घड्याळ दिवसाला साधारण ७ मिनिटं चुकतं. तेवढं खालच्या नटाने भरून काढता येतं, ५-६ सेंटीमीटरचा फरक नाही.

त्याच घड्याळाची तबकडी मात्र युंगहान्सच्या ताऱ्याची होती. या दोन कंपन्या १९३० मध्ये एकत्र आल्या, त्यामुळे तेवढ्यावरून मी काही बोललो नसतो. पण तबकडीतली चावीची भोकं कानशीने एका बाजूला वाढवलेली होती, कारण खालचे चौकोनी दांडे त्यांच्या समोर येत नव्हते. पेटीच्या पाठीवर आताच्या गाँगच्या (टोलाची हातोडी ज्यावर पडते त्याच्या) बाजूला, जुन्या गाँगच्या बुडाची गोल फिकट खूण आणि दोन रिकामी भोकं. पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं, तबकडी तिसऱ्याची. मशीन चांगलं होतं, आजही चालतं, पण मालकाने पैसे मोजले ते एका अखंड १८४२ च्या घड्याळाचे.

आता तुमच्या घड्याळाकडे. सोबत टॉर्च, दहा पटीचं भिंग आणि टेप न्या. लोलक सगळ्यात आधी उतरवा. तो टांगलेला असताना घड्याळ हलवलं की वरची पातळ पट्टी मुडपते आणि मग घड्याळ लंगडं चालतं. मशीन बहुतेकदा फळीवर किंवा दोन लोखंडी कंसांवर बसवलेलं असतं. दोन स्क्रू सैल केले की तबकडीसकट पुढे येतं. स्प्रिंगला चावी दिलेली असली तरी एवढं करायला हरकत नाही, फक्त पाट्या जोडणारे स्क्रू किंवा पिना कोणालाही काढू देऊ नका. भरलेली स्प्रिंग सुटली तर दात तुटतात आणि हातही फाटतो.

युंगहान्सच्या पाटीवर ताऱ्याखेरीज 'ए' किंवा 'बी' आणि दोन आकडे शोधा. 'बी १२' म्हणजे १९१२ चं दुसरं सहामाही, 'ए' म्हणजे पहिलं. 'डी. आर. जी. एम.' (छोट्या शोधाची जर्मन सरकारी नोंदणी) ही अक्षरं असतील तर घड्याळ १८९१ च्या आधीचं असूच शकत नाही, तो कायदाच त्या वर्षीचा. 'डी. आर. पी.' म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, ते १८७७ पासूनचं. 'मेड इन जर्मनी' हे इंग्रजीत लिहिणं ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यामुळे आलं आणि हिंदुस्थानातही तसाच कायदा १८८९ मध्ये झाला, म्हणून आपल्याकडे आलेल्या मालावर ते सर्रास दिसतं. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ नंतरचं, मग विकणारा आजोबा-पणजोबा कोणाचंही नाव सांगो. सरळ कांड्यांचा गाँग, पाठीला प्लायवूड, यापैकी काही मूळचं असेल तर १८८० विसरा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे, ते निदान बदललेले तरी आहेत.

गुस्टाफ बेकर या दुसऱ्या जर्मन कारखानदाराचं घड्याळ दाखवलं तर साल क्रमांकावरून निघतं: १ लाख १८७५ च्या सुमारास, ५ लाख १८८५, १० लाख १८९२. हे फ्रायबुर्गच्या कारखान्याचं, जे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्याच्याच बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) ब्राउनाउच्या कारखान्याचे क्रमांक वेगळे चालत, तेव्हा लहान क्रमांक म्हणजे जुनं घड्याळ असं नेहमी नसतं.

माझ्याच धंद्यातले लोक म्हणतात, 'चालतंय, वाजतंय, मग पाटी कशाला बघायची?' मला हे अजिबात पटत नाही. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग झिजलेल्या मशीनलासुद्धा दोन दिवस ओढते. आठ दिवसांचं घड्याळ सातव्या दिवशी चालतंय का ते बघा. चाकांच्या दांड्यांची टोकं जिथे पाटीत बसतात ती भोकं भिंगाने तपासा. गोल हवीत. लांबट झाली असतील तर बुश (भोकात बसवायची पितळी नळी) मारावे लागतील. भोकाभोवती पंचाचे ठिपके दिसले तर कोणीतरी बुश न मारता पितळ ठोकून भोक आवळलंय, आणि ते काम आता दुप्पट झालंय. कथिलाचे डाग असतील तर किंमत निम्मी करा. आणि ब्रासोने चकचकीत केलेली पाटी बघून खूश होऊ नका. त्याची भुकटी भोकांत बसून झीज करते आणि घासून घासून शिक्केही पुसट होतात.

टोल तपासताना मिनिटकाटा पुढेच फिरवा, प्रत्येक टोल संपेपर्यंत थांबा. अर्ध्या तासाला एक धरून बारा तासांत ९० ठोके व्हायला हवेत. काटा तीनवर आणि ठोके पाच पडले तर घाबरू नका, जुन्या पद्धतीच्या खाचांच्या चाकात ते होतं आणि टोलाचा लीव्हर उचलून जुळवता येतं.

हेही सांगायला हवं की प्रत्येक मशीनवर शिक्का नसतो, काही चांगली घड्याळं कोरी असतात. बदललेली स्प्रिंग किंवा लोलकाची पट्टी हा दोष नाही, त्या बदलाव्याच लागतात. ३५ हजार योग्य की नाही हे पाटी बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. विकणारा तयार झाला तर टॉर्च बाजूने तिरकी धरून पाटीचा फोटो काढा, समोरून उजेड मारला की पितळ चमकतं आणि अक्षरं दिसत नाहीत. पेटीच्या आतल्या पाठीचाही एक काढा, आणि दोन्ही इथे टाका.