मुलाखतीत झेंडे सांगू की नको?

चिरंजीव,

तुझा मेसेज वाचला. एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी निवडीच्या, मुलाखतीत झेंड्यांचा छंद सांगू नकोस, पोरकट वाटतं, असं क्लासचे सर म्हणाले आणि तू लगेच डळमळलास. काहून रे? ठणकावून सांग. फक्त देशोदेशींचे झेंडे घडाघडा म्हणून दाखवू नकोस. ते पाचवीतली पोरंही करतात. तू विचार: हा झेंडा कोणी, कोणाला, काय सांगायला चढवला?

मागे तुला पिवळा झेंडा दाखवला, तर म्हणालास, जहाजावर साथ आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत एकेका अक्षराला एकेक झेंडा असतो, तो 'क्यू'. कप्तान बंदराला कळवतो की जहाजावर सगळं निरोगी आहे, आत येऊ द्या. निळ्यात पांढरा चौकोन म्हणजे 'पी'. बंदरात तो चढला की सगळ्यांनी जहाजावर परतायचं, जहाज निघतंय. तोच भर समुद्रात मासेमारी नौकेवर दिसला तर तिची जाळी कशाततरी अडकलीत. कापड तेच. म्हणून म्हणतो, कोणी चढवला ते आधी बघ.

2001 साली आपल्या नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस, म्हणजे इंग्रजांच्या काळातला लाल क्रूस, काढून निळं बोधचिन्ह आणलं. आभाळाच्या आणि पाण्याच्या निळाईत ते उठून दिसेना, अशी तक्रार झाली आणि 2004 साली क्रॉस परत आला. (मला तो कधीच आवडला नाही, पण लांबून दिसायचा, हे खरं.) 2022 साली विमानवाहू विक्रांत ताफ्यात आली त्या दिवशी क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. या तारखा तू पाठ करशीलच. 2004 का, ते सांगता येईल?

आणि नागपुरात समुद्र नाही ही कुरकुर बंद कर. सिव्हिल लाइन्समधून रोज जातोस ना? 1923 साली चरख्याचा झेंडा घेऊन तिथे शिरायला बंदी होती. लोक शिरत आणि पकडले जात. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली. ऑगस्टमध्ये मिरवणूक झेंड्यासह तिथून गेलीच. आता सांग, कोणी, कोणाला, काय?

माझं काय झालं, हे तुझ्या बाबांनी विचारलंच असेल. बढती एका पायरीवर थांबली तेव्हा नातेवाईक म्हणाले, "झेंड्यांनी खाल्लं याला." साफ खोटं! वर जागाच मोजक्या असतात. सिग्नलचा माणूस झेंडे नाही बघणार तर काय करणार? सुट्टीत घरी येऊनही मी तक्ते काढून बसायचो, मुलगी दारातून बघून परत जायची, ते डाचतं. पण छंद सोडून मी जास्त चांगला बाप झालो असतो, हे मला आजही पटत नाही.

आवडता झेंडा कोणता, असं विचारलं तर तिरंगा म्हणून मोकळा होऊ नकोस, ते सगळेच म्हणतात. 'ओ' सांग. तिरका दुभागलेला, लाल-पिवळा. माणूस पाण्यात पडलाय. ते विचारतील, हाच का? तिथून पुढे तुझं तू बघ.

तुझा,
काका