तीनशे माणसं, एकच ग्रुप: विषय वेगळे करायचे की माणसं?

तुमची अडचण मला समजली ती अशी. हौशी आकाशनिरीक्षकांचा ग्रुप, माणसं तीनशेच्या घरात, सगळं बोलणं एकाच ठिकाणी. दुर्बिणीच्या शंका, फोटो, पुढच्या निरीक्षणाची आखणी, वर्गणीचा हिशेब, सगळ्याची सरमिसळ. आत यायची लिंक कुणी कुठे पाठवली त्याचा पत्ता नाही, सोडून गेलेले अजून यादीत आहेत, आणि समितीला काही बोलायचं तर सगळ्यांच्या देखत बोलावं लागतं. म्हणून तुम्ही विषयवार दहा ग्रुप काढायच्या विचारात आहात.

दहा ग्रुप काढू नका. विषय वेगळा झाला एवढ्यावर नवा ग्रुप काढायचा नाही, वाचणारी माणसं वेगळी असतील तरच काढायचा. दुर्बिणीबद्दलचं बोलणं कुणी वाचलं म्हणून काही बिघडत नाही, फोटोंचंही तसंच. हे एकाच ग्रुपाच्या पोटातले विषय. वर्गणी कुणाची थकली, कुणाला सांभाळून घ्यायचं, हे मात्र पाच-सात जणांनीच वाचायचं असतं, म्हणून समितीचा ग्रुप वेगळा. निरीक्षणाला येणाऱ्यांचे फोन नंबर, कोण कुणाच्या गाडीत, हे त्या रात्री येणाऱ्यांपुरतं, म्हणून तेवढ्यापुरता एक ग्रुप, काम झालं की बंद. या हिशेबाने तुमच्या दहाचे तीन होतात.

दहा ग्रुपांचं काय होतं ते बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पहिला आठवडा उत्साहाचा. मग कुणीतरी 'उपकरणं' मध्ये प्रश्न टाकतो, दोन दिवस उत्तर येत नाही, आणि तो तोच प्रश्न मुख्य ग्रुपात टाकतो कारण तिथे माणसं जागी असतात. तिथे पाच मिनिटांत उत्तर मिळतं. त्या क्षणी 'उपकरणं' संपला, फक्त यादीत दिसत राहतो. माणूस विषय बघून लिहीत नाही, उत्तर कुठे मिळेल ते बघून लिहितो. शिवाय दहा ग्रुप म्हणजे दहा सदस्ययाद्या. एक जण सोडून गेला की त्याला दहा ठिकाणांहून काढायचं, आणि सातवं-आठवं ठिकाण हमखास विसरलं जातं.

विषयांची सरमिसळ नक्की कुठे टोचते ते जरा जवळून बघू. रात्री एक जण विचारतो, 'आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचा दुय्यम आरसा हलतोय, स्क्रू आवळू का?' त्याखाली लगेच दुसरा, 'अमावास्येच्या शनिवारी लवकर निघायचं ना?' मग शनीचा एक फोटो, त्यावर वाहवा. आणि मग कुणाचा तरी मेसेज, 'हो, पण फार नको.' हा होकार आरशाला की शनिवारला? त्या रात्री संदर्भाने कळतं. दोन महिन्यांनी तिसऱ्या माणसाचा आरसा हलायला लागतो, तो 'स्क्रू' शोधतो आणि त्याला प्रश्न सापडतो, उत्तर सापडत नाही, कारण उत्तरात 'स्क्रू' हा शब्दच नाही. विषय वेगळे करायचे ते यासाठी. यादी नीटनेटकी दिसावी हे कारण दुय्यम.

यावर पहिला उपाय फुकट आहे: ज्याला उत्तर द्यायचं त्याच मेसेजवर बोट ठेवून रिप्लाय करायचा. नियम म्हणून हा एकच लावला तरी निम्मा गोंधळ जातो. लोक करत नाहीत म्हणता? ॲडमिननी स्वतः महिनाभर न चुकता केलं की बाकीचे आपोआप करायला लागतात. सूचना लिहून फारसं काही होत नाही.

आता साधनं. हा प्रश्न काही व्हॉट्सॲपने जन्माला घातलेला नाही. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने १९८८ साली आयआरसी ही इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची व्यवस्था सुरू केली, तिच्यात विषयाला एक चॅनेल आणि चॅनेलला स्वतःचे मोड अशी मांडणी आहे. 'आय' मोड लावला की फक्त निमंत्रितांना प्रवेश, 'के' म्हणजे पासवर्ड, 'एल' म्हणजे माणसांची मर्यादा, 'एम' म्हणजे परवानगी असलेल्यांनीच बोलायचं, 'एस' म्हणजे चॅनेल यादीतच दिसत नाही. आज कुठल्याही ॲपच्या सेटिंगमध्ये जे खटके दिसतात ते बहुतेक हेच, फक्त चित्रं घालून. जॅबर ही अशीच दुसरी व्यवस्था १९९९ साली आली, पुढे तिचं नाव एक्सएमपीपी झालं. त्यातल्या खोल्यांमध्ये (म्हणजे ग्रुपांमध्ये) आणखी एक शहाणपणाचा भेद आहे: तुमचं सदस्यत्व (मालक, ॲडमिन, सदस्य, बहिष्कृत) कायम लक्षात ठेवलं जातं, आणि बोलायची मुभा आहे की नाही ही भूमिका त्या वेळेपुरती असते. आजच्या ॲपमध्येही हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. 'आत येऊ शकतो का' आणि 'आत येऊन बोलू शकतो का' यांची गल्लत झाली की ॲडमिन एखाद्याला गप्प करायच्या ऐवजी काढून टाकतात आणि भांडण होतं.

व्हॉट्सॲपवरच राहायचं असेल तर कम्युनिटी आहे, २०२२ साली आलेली. एक घोषणांचा ग्रुप, ज्यात फक्त ॲडमिन लिहितात, आणि त्याखाली बाकीचे ग्रुप. तुमच्यासारख्यांना घोषणांचा ग्रुप फार उपयोगाचा, कारण 'शनिवारी ढग असल्यामुळे रद्द' हा मेसेज दोनशे फोटोंखाली गाडला जात नाही. समितीचा ग्रुप मात्र कम्युनिटीच्या बाहेर साधा ग्रुप म्हणूनच ठेवा. त्याचं नाव सगळ्यांना दिसायचं काही कारण नाही.

टेलिग्राममध्ये मोठ्या ग्रुपाच्या आत टॉपिक करता येतात, हेही २०२२ पासून. विषय वेगळे, माणसं तीच, म्हणजे तुमच्या मुख्य ग्रुपाला अगदी बेतून शिवल्यासारखं. पण एक लक्षात ठेवा: ग्रुपात असलेल्या प्रत्येकाला सगळे टॉपिक दिसतात. 'समिती' नावाचा टॉपिक काढून तो खाजगी झाला असं समजू नका. नवे टॉपिक कुणी काढायचे हे ॲडमिनपुरतं ठेवता येतं, आणि सुरुवातीला ठेवावंच.

डिस्कॉर्डचा बाज वेगळा. तिथे माणसाला रोल (म्हणजे भूमिका) द्यायचा आणि कुठलं चॅनेल कुठल्या रोलला दिसेल ते ठरवायचं, म्हणजे विषय आणि प्रवेश दोन्ही एकाच ठिकाणी. खाजगी चॅनेल करताना क्रम असा: 'एव्हरीवन' या सर्वांच्या रोलला चॅनेल बघायची परवानगी नाकारायची, मग हव्या त्या रोलला द्यायची. आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' ही परवानगी खिरापतीसारखी वाटू नका. ती असलेल्याला चॅनेलवरचं कुठलंही बंधन लागू होत नाही, त्याला सगळं दिसतं. मेसेज पुसण्यापुरती मदत हवी असेल तर तेवढीच परवानगी असलेला रोल करा.

स्लॅक हे ॲप कचेऱ्यांसाठी ठीक, तुमच्यासाठी नाही. फुकटच्या योजनेत शेवटच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसतं आणि तुम्हाला तर गेल्या वर्षीच्या धूमकेतूची चर्चा शोधायची असते.

झुलिप या गप्पांच्या ॲपबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विषयांचा प्रश्न मला वाटतं त्यानेच सगळ्यात नीट सोडवलाय. त्यात चॅनेल आणि चॅनेलच्या आत टॉपिक, पण टॉपिक पत्राच्या विषयाच्या ओळीसारखा बारीक: 'दुय्यम आरसा हलतोय' हाच एक टॉपिक. चुकीच्या ठिकाणी पडलेलं बोलणं नंतर उचलून योग्य टॉपिकमध्ये हलवता येतं, आणि प्रश्न सुटला की टॉपिक 'सुटला' अशी खूण करता येते. टेलिग्राममध्ये मेसेज असा हलत नाही, फॉरवर्डच करावा लागतो. झुलिपचं ओपन सोर्स रूप २०१५ पासून उपलब्ध आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही चालतं. मग सगळे का वापरत नाहीत? प्रत्येक मेसेजला विषय द्यायचा हे तीनशेतल्या बऱ्याच जणांना जड जातं. तुमच्यातले वीस-पंचवीस खरोखर काम करणारे असतील त्यांना जमेल.

कुठलंही ॲप घ्या, टॉपिक दोन जातींचे असतात. काही कायमचे (उपकरणं, फोटो, नवख्यांच्या शंका), काही संपणारे (अमुक ग्रहणाची मोहीम). संपणारा टॉपिक संपल्यावर बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी यादीत मेलेली नावंच जास्त होतात. आणि 'इतर' किंवा 'अवांतर' नावाचा टॉपिक पहिल्या दिवशी काढू नका, सगळे तिथेच जाऊन बसतील. चार टॉपिकनी सुरू करा. पाचवा कधी? एका टॉपिकात दोन चर्चा रोज एकमेकींच्या पायात यायला लागल्या आणि लोकच तक्रार करायला लागले की.

आता प्रवेश. तुमची खरी गळती इथेच आहे. लिंक ही किल्ली आहे आणि तिच्या नकला काढायला काही लागत नाही. ज्याच्या हातात पडली तो आत. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपांच्या निमंत्रण-लिंक गूगलच्या शोधात सापडत असल्याचं उघड झालं होतं. कुणीतरी त्या उघड्या पानांवर टाकल्या होत्या, एवढंच झालं होतं. म्हणून आजच जुनी लिंक रद्द करा, व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपच्या माहितीतच लिंक रीसेट करायची सोय आहे. मग नवीन सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल असं सेटिंग करा आणि माणसं जोडायचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवा. टेलिग्राममध्ये याहून बारीक सोय आहे: मुदतीची लिंक, ठरावीक वेळाच चालणारी लिंक, मंजुरी मागणारी लिंक, आणि हव्या तितक्या वेगवेगळ्या लिंक. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी लिंक द्या, म्हणजे भलते लोक यायला लागले तर कुठली लिंक फुटली ते कळतं आणि तेवढीच रद्द होते. टेलिग्राम ग्रुपाला सार्वजनिक नाव मात्र देऊ नका, तसं केलं की आत न येताही कुणीही वाचू शकतो.

मंजुरीचं सेटिंग लावलं की पुढचा प्रश्न: मंजूर कशावरून करायचं? विनंतीत नाव आणि फार तर एक फोटो दिसतो, त्यावरून काय कळणार. आधीच ठरवा: आतल्या एका सदस्याने 'मी ओळखतो' म्हणावं, किंवा येणाऱ्याने कार्यक्रमाला एकदा हजेरी लावलेली असावी. हे ठरलं नसेल तर ॲडमिन पहिले पंधरा दिवस चौकशी करतो आणि नंतर डोळे मिटून 'मंजूर' दाबत जातो, मग सेटिंग असून नसल्यासारखं.

लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे मागचं बोलणं. नव्या माणसाला जुने मेसेज दिसणार की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. डिस्कॉर्डमध्ये चॅनेल दिसलं की सहसा मागचं सगळं दिसतं. झुलिपमध्ये खाजगी चॅनेल करताना तुम्ही निवडता. मॅट्रिक्स या गप्पांच्या व्यवस्थेतही यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे, आणि ते बदललं तरी आधीच्या मेसेजना जुनाच नियम लागू राहतो. त्यामुळे समितीत नवीन माणूस घेताना आधी बघा, त्याच्याबद्दल गेल्या महिन्यात तिथे काय बोलणं झालं होतं ते! गमतीने लिहिलंय, पण हे होतं. अशा ठिकाणी नवी समिती, नवा ग्रुप हेच बरं.

काढून टाकण्याबद्दल दोनच गोष्टी. काढणं आणि बंदी घालणं एक नाही. डिस्कॉर्डवर नुसता काढलेला माणूस लिंक असेल तर परत येतो, बंदी घातलेला येत नाही. आयआरसीवर तर काढलेला पुढच्या सेकंदाला हजर व्हायचा. दुसरं, काढल्याने पुढचं थांबतं, मागचं नाही. व्हॉट्सॲपमध्ये कुणी बाहेर पडलं की उरलेल्यांच्या कूटकिल्ल्या (मेसेज कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या) नव्याने होतात, म्हणून पुढचे मेसेज त्याला उघडत नाहीत, पण जे आधी आलं ते त्याच्या फोनवर आहेच.

ॲडमिन निदान तीन ठेवा. एकटा ॲडमिन फोन हरवून बसला की ग्रुपाला कुणी वाली उरत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर मुख्य ग्रुप टेलिग्रामवर चार टॉपिकांसह, घोषणा आणि समिती व्हॉट्सॲपवर जिथे सगळे आहेतच, आणि मोहिमांसाठी तात्पुरते ग्रुप. जुना ग्रुप एकदम मोडू नका. त्यात फक्त ॲडमिननी लिहायचं असं सेटिंग करा, मंजुरी मागणारी नवी लिंक वर पिन करा आणि महिनाभर तसाच राहू द्या. जे तेवढ्यात नव्या ठिकाणी आले तीच तुमची खरी सदस्ययादी, आणि सोडून गेलेल्यांना एकेक करून काढायचं कामही वाचतं. तीनशेतले किती जण दुसरं ॲप घ्यायला तयार आहेत ते मात्र आधी विचारून घ्या. निम्म्याहून कमी असतील तर टेलिग्राम सोडा आणि व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतच दोन ग्रुपांवर भागवा.