लॅबमध्ये मूल जखमी झालं आणि त्याच वेळी ॲसिडही सांडलं, तर आधी काय करायचं? तयारी कशी ठेवायची?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. आधी माणूस, मग फरशी, हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्याकडे घोळ झाला तो सगळेच माणसाकडे धावले म्हणून.

सल्फ्युरिकची अर्ध्या लिटरची बाटली फुटली. एका पोराचा तळहात काचेनं कापला, पोटरीवर ॲसिड उडालं. अख्खा वर्ग त्याच्याभोवती. अटेंडरमामांनी भल्या मनानं फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. तीव्र सल्फ्युरिकवर पाणी पडलं की ते तडतडून उडतं, तसंच उडालं आणि एकाचे दोन जखमी झाले. बेसिन पार दुसऱ्या टोकाला, पोराला तिथं नेलं तेही त्याच थारोळ्यातून, पायात साध्या चपला.

तेव्हापासून टर्मच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी तालीम घेतो. नीळ घातलेलं पाणी फरशीवर सांडायचं, एकाला जखमी करायचं आणि पाच मिनिटांनी निळे ठसे बघायचे. पहिल्या वर्षी ते व्हरांड्यातून थेट स्टाफरूमच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते! ते बघूनच ॲसिडचं कपाट बेसिनच्या वाटेवरून हलवलं.

कामं तिघांत नावानिशी वाटून ठेवा. एकानं जखमीला बघायचं. हातमोजे घालून त्याचे भिजलेले कपडे काढायचे, वाहत्या पाण्याखाली किमान 15-20 मिनिटं धुवायचं. रक्त जोरात येत असेल तर धुता धुताच स्वच्छ कापडानं दाबून धरायचं, रुतलेली काच उपटायची नाही. खायचा सोडा अंगावर चोळायचा नाही, तो फरशीसाठी. दुसऱ्यानं पोरांना बाहेर काढायचं, खिडक्या उघडायच्या, सांडलेल्याला कोरड्या वाळूचा बांध घालायचा, मग कडेकडेनं थोडा थोडा सोडा. (नायट्रिकवर भुसा किंवा चिंध्या टाकू नका, पेट घेऊ शकतात.)

पाण्याचं मात्र आधी बघा. डोळे धुण्यासाठी अमेरिकी मानक मिनिटाला दीड लिटर, सलग 15 मिनिटं सांगतं, म्हणजे साडेबावीस लिटर. आमचा नळ उन्हाळ्यात कधी कोरडा पडेल सांगता येत नाही, म्हणून तोटीचा 50 लिटरचा ड्रम भरून ठेवतो. अंगावर सांडलं तर तोही पुरत नाही, त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दिवशी मामा सकाळीच छतावरच्या टाकीत डोकावून येतात.

तिसऱ्याचं काम फोन. 108 ला पलीकडून बहुतेक कन्नडमध्येच विचारतात आणि घाबरलेल्या मराठी पोराला तेव्हा काही सुचत नाही. आम्ही भिंतीवर देवनागरीतच लिहून ठेवलंय, ‘मै मेले ॲसिड बिद्दिदे’ (अंगावर ॲसिड पडलंय), खाली कॉलेजचा पत्ताही कन्नडमध्ये. बेळगाव इथून 25-26 किलोमीटर, त्यामुळे कुणीतरी पोराला मोटरसायकलवर घालायची घाई करतंच. करू देऊ नका, धुणं पुरं होऊ द्या. अँब्युलन्समध्ये जो बसेल त्याच्या मोबाइलमध्ये बाटलीच्या लेबलचा फोटो असू दे. आमच्या वेळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि बरोबर गेलेल्या सरांना फक्त ‘ॲसिड’ एवढंच माहीत होतं.