'मस्त!'च्या पुढे काय लिहायचं?

कुणाच्या फोटोवर अभिप्राय देताना नुसतं 'मस्त!' लिहून पुढे सरकू नकोस, त्याने फोटो काढणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. नजर आधी कुठे गेली, मग कुठे अडली, एवढं सांगितलंस तरी पुष्कळ. 'फोटो हललाय' म्हणण्याआधी मात्र नीट बघ. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हललाय. फक्त धावणारं मूल पुसट असेल तर शटर (कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा) मंद पडलं, १/६० ऐवजी १/५०० सेकंदावर काढून बघ म्हणावं. अर्थात तो पुसटपणा मुद्दामही असू शकतो, म्हणून आधी विचारून घे. क्षितिज तिरकं असेल तर बिनधास्त सांग, ते एडिटिंगमध्ये लगेच सरळ होतं. 'मी असतो तर...' ही सुरुवात टाळ. मी वर्षभर तेच केलं. शेवटी लोक माझे अभिप्राय वाचेनासे झाले.